उत्तरभागाची किंमत

चाललेल्या चित्रपटाचा उत्तरभाग पहिल्यापेक्षा महाग असलाच पाहिजे, अशी हॉलिवूडची जुनी रीत नव्हती. बोलपट आल्यापासून साधारण १९७० पर्यंत तिथल्या स्टुडिओंचा व्यवहार बराचसा उलटा चाले. पहिल्या चित्रपटावर जोखीम घ्यायची. तो चालला तर एखादा उत्तरभाग थाटात काढायचा, पण मालिका जुनी होऊ लागली की खर्च आवळायचा आणि नफा उरेनासा झाला की थांबायचे. प्रत्येक भागागणिक थोडे प्रेक्षक गळणार, हे या हिशेबात गृहीतच असे. पुढे हा हिशेब पालटला. मालिका जितकी जुनी, तितका तिच्यावरचा खर्च मोठा होत गेला. आज ऐंशी वर्षांच्या नायकाच्या साहसपटावर तीस कोटी डॉलर लागतात, ते या बदलामुळेच.

युनिव्हर्सल स्टुडिओच्या भयपटांत जुन्या रीतीचा सगळा प्रवास दिसतो. १९३१ साली, ऐन मंदीत, ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ आले. ‘फ्रँकेन्स्टाइन’चा खर्च तीन लाख डॉलरच्या आतला होता आणि त्याने स्टुडिओला तारले. १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’वर सुमारे चार लाख खर्च झाले. त्या वेळी स्टुडिओची सूत्रे संस्थापक कार्ल लेमली यांच्या मुलाकडे होती आणि या मुलाचा हात सढळ होता. पुढच्याच वर्षी कर्जाची परतफेड जमली नाही, लेमली कुटुंबाला स्टुडिओ सोडावा लागला आणि नव्या मालकांनी भयपट बंद केले. १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका छोट्या थिएटरने जुना ‘ड्रॅक्युला’ आणि जुना ‘फ्रँकेन्स्टाइन’ एकाच खेळात लावले, तेव्हा तिकिटांसाठी रांगा लागल्या. युनिव्हर्सलने घाईने दोन्हींच्या प्रिंट देशभर फिरवल्या आणि १९३९ च्या आरंभी ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ पडद्यावर आणला. जुना माल दुसऱ्यांदा विकता येतो, हा धडा चित्रपटव्यवसायाला इतक्या स्पष्टपणे बहुधा इथेच मिळाला.

त्यानंतरची उतरण सावकाश झाली. बोरिस कार्लोफ यांनी राक्षसाची भूमिका सोडली. ती आधी लॉन चेनी ज्युनियर, मग बेला लुगोसी आणि मग ग्लेन स्ट्रेंज यांच्याकडे गेली. जाड रंगभूषेखाली नट बदलल्याचे प्रेक्षकांना फारसे जाणवत नाही, हे स्टुडिओच्या पथ्यावर पडले. एका राक्षसाने थिएटर भरेना, तेव्हा १९४३ पासून दोन-दोन, तीन-तीन राक्षस एका कथेत घातले जाऊ लागले. १९४५ च्या ‘हाउस ऑफ ड्रॅक्युला’च्या शेवटी भडकणारी आग १९४२ च्या ‘घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधून जशीच्या तशी उचललेली आहे. १९४८ मध्ये हे राक्षस अॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीसमोर उभे राहिले. ज्यांना पाहून सतरा वर्षांपूर्वी लोक घाबरत, त्यांना पाहून आता लोक हसत होते. तरीही तो चित्रपट चांगला चालला.

एमजीएमकडे ‘अँडी हार्डी’ ही घरगुती कथांची मालिका होती. १९३७ पासून पुढच्या नऊ वर्षांत तिचे पंधरा चित्रपट निघाले. कार्व्हेल या काल्पनिक गावाचा रस्ता स्टुडिओच्या आवारात कायमचा उभा होता, लेखक-तंत्रज्ञ पगारी होते आणि नायक मिकी रूनीही करारबद्ध नोकरदारच होता. १९३९ ते १९४१ अशी सलग तीन वर्षे थिएटरमालकांच्या कौलात तो देशातला सर्वाधिक गर्दी खेचणारा नट ठरला, तरी दर भागाला नवी रक्कम मागायची सोय त्याला नव्हती. उत्तरभाग स्वस्त पडे, त्याचे मुख्य कारण हे. दुसरे कारण थिएटरांचे. मोठ्या स्टुडिओंची स्वतःची थिएटरे होती आणि त्यांना दर आठवड्याला नवा चित्रपट लागे. इतर थिएटरांना एक चांगला चित्रपट हवा असेल तर त्याच्यासोबत चार साधारण घ्यावे लागत. अशा बाजारात मालिकेच्या प्रत्येक भागाने विक्रम करण्याची गरज नव्हती. ठरलेला खर्च आणि ठरलेली मिळकत यांच्यातले अंतर सांभाळले की पुरे होई.

१९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर स्टुडिओंविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला आणि स्टुडिओंना थिएटरे विकावी लागली. पाठोपाठ घरोघर टेलिव्हिजन आला. खात्रीची थिएटरे गेली, पगारी नटांची पद्धत मोडली आणि छोट्या घरगुती मालिका टेलिव्हिजनकडे गेल्या. स्टुडिओंनी मग रुंद पडद्यावरच्या भव्य चित्रपटांची कास धरली. पण काटकसरीची जुनी सवय एकदम सुटली नव्हती. ती शेवटची आणि फार शहाणपणाने वापरली गेली ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्सच्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ मालिकेत.

१९६८ चा पहिला चित्रपट सुमारे ५८ लाख डॉलरमध्ये तयार झाला. खर्चाचा मोठा वाटा वानरांच्या रंगभूषेचा होता. जॉन चेंबर्स यांनी केलेल्या त्या कामाला खास ऑस्कर मिळाले. अमेरिकेतला गल्ला तीन कोटींवर गेला आणि उत्तरभाग ठरला. फॉक्सची स्थिती मात्र या काळात ढासळत होती. ‘डॉक्टर डूलिटल’, ‘स्टार!’ आणि ‘हॅलो, डॉली!’ या महागड्या संगीतपटांनी स्टुडिओला खोल तोट्यात घातले होते. त्यामुळे १९७० च्या ‘बिनीथ द प्लॅनेट ऑफ द एप्स’चे अंदाजपत्रक पहिल्याच्या जवळपास निम्म्यावर आले. पुढे उभ्या असलेल्या वानरांना खरी रंगभूषा आणि मागच्या गर्दीला नुसते रबरी मुखवटे, अशी तडजोड झाली. नायक चार्ल्टन हेस्टन यांना उत्तरभागात रस नव्हता. त्यांनी मोजक्या दिवसांचे काम दिले आणि चित्रपटाच्या शेवटी पृथ्वीच नष्ट झाली. मालिका तिथेच संपायला हवी होती, पण हाही भाग नफ्यात गेला.

तिसऱ्या भागासाठी पटकथाकार पॉल डेन यांनी काढलेली वाट हा काटकसरीतल्या कल्पकतेचा नमुना आहे. ‘एस्केप फ्रॉम द प्लॅनेट ऑफ द एप्स’मध्ये पृथ्वी नष्ट होण्याआधी तीन वानर अंतराळयानातून निसटतात आणि काळाच्या उलट प्रवासात तेव्हाच्या लॉस एंजेलिसमध्ये उतरतात. वानर फक्त तीन, म्हणून रंगभूषा तिघांची. शहर तेव्हाचेच, म्हणून वेगळी नगरी उभारण्याची गरज नाही. खर्च सुमारे वीस लाखांवर आला. तरीही चित्रपट हलका वाटत नाही. अनोळखी समाजात सापडलेल्या जोडप्याची भीती त्यात आहे आणि अनेक रसिक मालिकेतल्या उत्तरभागांत त्याला वरचे स्थान देतात. पैसे कमी असल्यानेच कथेला माणसांकडे वळावे लागले.

१९७२ च्या चौथ्या भागात वानर गुलामांचे बंड दाखवायचे होते. त्याचे बरेच चित्रण सेंच्युरी सिटीत झाले. काच-काँक्रीटच्या इमारतींची ही वसाहत उभी राहिली ती फॉक्सच्याच जुन्या आवारावर. ‘क्लिओपात्रा’च्या निर्मितीचा खर्च वाढत असताना पैशांच्या ओढाताणीत स्टुडिओने ती जमीन विकली होती. म्हणजे एका महागड्या चित्रपटाच्या काळात हातून गेलेल्या जागेवर फॉक्सने दहा वर्षांनी एक स्वस्त चित्रपट काढला. चाचणी खेळात शेवट फार हिंसक वाटल्याने तो बदलायचे ठरले, पण पुन्हा चित्रीकरण करण्याइतके पैसे नव्हते. मग नायकाच्या डोळ्यांच्या जवळून घेतलेल्या चित्रांवर ती भूमिका करणाऱ्या रॉडी मॅकडॉवल यांच्याच आवाजात नवे, सबुरीचे भाषण चढवण्यात आले. १९७३ च्या पाचव्या भागात महायुद्धाच्या जागी एका खेड्यावरची चकमक होती आणि चाल करून येणाऱ्या सैन्यात एक शाळेची बसही होती. त्याचा गल्ला ९० लाखांच्या घरात, म्हणजे पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी राहिला. खर्चही वीस लाखांच्या आतच होता. पाच चित्रपटांत प्रेक्षक सतत घटत गेले, तरी एकाही चित्रपटाने स्टुडिओला बुडवले नाही. म्हातारपण ओळखून चालवलेली मालिका म्हणून तिच्याकडे आदराने पाहायला हवे.

उलट दिशेचा प्रवास तोवर ब्रिटनमध्ये सुरू झाला होता. १९६२ चा पहिला बाँडपट ‘डॉक्टर नो’ दहा-अकरा लाख डॉलरमध्ये झाला. अल्बर्ट ब्रॉकली आणि हॅरी सॉल्ट्झमन या निर्मात्यांनी त्यानंतरची काही वर्षे प्रत्येक भागाचा खर्च वाढवला. १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’साठी केन अॅडम यांनी पाइनवुडमध्ये ज्वालामुखीच्या पोटातला अड्डा बांधला आणि त्या एका सेटलाच जवळपास सबंध ‘डॉक्टर नो’इतका पैसा लागला. प्रेक्षकांना जुनेच पात्र पुन्हा पाहायचे असते, पण या वेळी काहीतरी अधिक मोठे दिसायला हवे असते, असे निर्मात्यांचे गणित होते आणि ते बरोबर निघाले.

१९७५ मध्ये ‘जॉज’ एकाच दिवशी चारशेहून अधिक थिएटरांत लागला, तोही टेलिव्हिजनवर जाहिरातींचा मारा करून. पहिल्या आठवड्याच्या गल्ल्याला तेव्हापासून जे महत्त्व आले ते आजवर टिकून आहे. अशा विक्रीत आधीपासून ओळखीचे नाव फार उपयोगी पडते आणि नावाची किंमत वाढली की नाववाल्यांचीही वाढते. ‘जॉज २’चा खर्च पहिल्याच्या दुपटीवर गेला. ‘स्टार वॉर्स’ १९७७ साली सुमारे १.१ कोटींत झाला होता. जॉर्ज लुकस यांनी उत्तरभागांचे आणि खेळण्यांसारख्या मालाच्या विक्रीचे हक्क स्वतःकडे राखले होते. १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ त्यांनी बँकेचे कर्ज काढून बनवला आणि खर्च तीन कोटींच्या आसपास गेला. उत्तरभाग ही आता उरलेली मिळकत गोळा करण्याची सोय राहिली नाही. मुख्य भांडवल तिथेच गुंतू लागले.

जुन्या आणि नव्या रीतीची झटापट पाहायची तर ती पॅरामाउंटच्या ‘स्टार ट्रेक’मध्ये. १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत दूरचित्रवाणीवर चाललेली ही मालिका बंद पडल्यावर पुनःप्रसारणांमुळे अधिक लोकप्रिय झाली. पॅरामाउंटने आधी नवी दूरचित्रवाणी मालिका आखली, तिचे सेट आणि पटकथा तयार केल्या आणि मग ‘स्टार वॉर्स’चे यश पाहून तिचा चित्रपट करायचे ठरवले. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. ७ डिसेंबर १९७९ ही प्रदर्शनाची तारीख थिएटरांना कबूल केलेली होती. दृश्यपरिणामांचे काम ज्यांना दिले त्यांच्याकडून ते वेळेत होईना, म्हणून डग्लस ट्रम्बुल यांना ऐनवेळी बोलावून ते रात्रंदिवस करून घ्यावे लागले. रखडलेल्या मालिकेचा जुना खर्चही या चित्रपटाच्याच खात्यावर पडला आणि आकडा ४.४ कोटींच्या पुढे गेला. जगभरचा गल्ला १३ कोटींवर होता, तरी स्टुडिओत समाधान नव्हते. इतक्या खर्चाचा दुसरा ‘स्टार ट्रेक’ काढण्याची कोणाचीही तयारी नव्हती.

मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांना सल्लागारपदावर बसवून दुसरा भाग हार्व बेनेट यांच्याकडे दिला गेला. ते पॅरामाउंटच्या दूरचित्रवाणी विभागातले, म्हणजे ठरल्या पैशांत आणि ठरल्या दिवसांत काम उरकण्यात मुरलेले. त्यांनी जुन्या मालिकेचे भाग बसून पाहिले आणि १९६७ च्या एका भागातला खलनायक खान निवडला. निकोलस मायर दिग्दर्शक झाले. १९८२ चा ‘द रॅथ ऑफ खान’ सव्वा कोटीच्या आत बसवला गेला. यान गोदीतून बाहेर पडते ती दृश्ये पहिल्या चित्रपटातली आहेत. नायकाच्या आणि खानाच्या यानांचे नियंत्रणकक्ष हा मुळात एकच सेट. रंग-सामान बदलून तो दोनदा वापरला. म्हणून विल्यम शॅटनर आणि रिकार्डो माँटलबान हे दोघे वैरी पडद्यावर एकदाही समोरासमोर येत नाहीत, फक्त यंत्रांच्या पडद्यांवरून एकमेकांशी बोलतात. संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांच्या जागी तरुण आणि कमी मानधनाचे जेम्स हॉर्नर आले. मायर यांनी नटांचे वयही लपवले नाही. नायक कर्कच्या वाढदिवशी त्याला वाचायचा चष्मा भेट मिळतो, तरुण अधिकाऱ्यांमध्ये तो स्वतःला जुनाट समजू लागतो आणि शेवटी जिवलग मित्र गमावतो. पहिल्या आठवड्याअखेरच्या गल्ल्याने तेव्हाचा विक्रम मोडला आणि अमेरिकेतली एकूण कमाई पहिल्याच्या जवळपास, तीही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या खर्चात. हॉलिवूडच्या इतिहासात उत्तरभागाचा हिशेब इतका चोख क्वचितच जमला आहे.

पुढे दर भागाला खर्च पुन्हा चढला. चौथा भाग, १९८६ चा, अमेरिकेत सुमारे ११ कोटी कमावून गेला, पण शॅटनर आणि लिओनार्ड निमॉय यांचे मानधन प्रत्येकी २५ लाखांच्या घरात गेले होते. नव्या, स्वस्त नटांना घेऊन १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही दूरचित्रवाणी मालिका काढण्यामागे या वाढत्या मानधनाचाही हात होता. १९८९ चा पाचवा भाग तीन कोटींहून अधिक खर्चूनही कोसळला. सहावा आणि या सगळ्या नटांचा एकत्रित शेवटचा भाग १९९१ मध्ये आवळलेल्या खर्चात झाला. त्यासाठी नव्या दूरचित्रवाणी मालिकेचे सेट रंग बदलून वापरले गेले. त्यात निरोपाची भावना होती आणि प्रेक्षकांनी तो निरोप मनापासून घेतला.

काटकसर म्हणजे हमखास यश, असे मात्र नाही. १९७८ च्या ‘सुपरमॅन’वर साडेपाच कोटी खर्च झाले होते. १९८७ चा चौथा भाग कॅनन या कंपनीने काढला आणि आयत्या वेळी त्याचे अंदाजपत्रक निम्म्यावर, सुमारे १.७ कोटींवर आणले. न्यूयॉर्कमधले संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय म्हणून इंग्लंडच्या मिल्टन कीन्सच्या इमारती दाखवल्या गेल्या. तारांवर उडणारा नायक प्रेक्षकांना पटला नाही आणि पुढचा ‘सुपरमॅन’ यायला १९ वर्षे लागली. ‘एप्स’ आणि ‘खान’ यांच्या कथा कमी पैशांसाठीच लिहिलेल्या होत्या. इथे मोठ्या पैशांची कथा छोट्या पैशांत कोंबली होती.

नव्या रीतीतला धोका समजण्यासाठी गल्ल्याची वाटणी ध्यानात घ्यावी लागते. तिकिटांच्या एकूण उत्पन्नातून स्टुडिओच्या हाती ढोबळमानाने निम्मेच येते. परदेशांत बऱ्याचदा त्याहून कमी, चीनमध्ये तर वाटून घेण्याच्या करारातही सुमारे पाव हिस्सा. जाहिरात आणि वितरणाचा खर्च निर्मितीखर्चाव्यतिरिक्त वेगळा असतो. मोठ्या चित्रपटाला नुसत्या थिएटरांवर पैसे वसूल करायचे असतील तर खर्चाच्या अडीच पट गल्ला लागतो, असा धंद्यात ठोकताळा आहे. पूर्वी व्हिडिओ कॅसेट आणि नंतर डीव्हीडी यांची विक्री ही तूट भरून काढी. ती विक्री ओसरली तरी अंदाजपत्रके खाली आली नाहीत.

२०२३ चा ‘इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी’ या हिशेबात सापडला. १९८१ चा पहिला चित्रपट सुमारे दोन कोटींत झाला होता आणि त्याने अमेरिकेतच वीस कोटींहून अधिक मिळवले. २००८ च्या चौथ्या भागावर १८.५ कोटी लागले, पण जगभरातून सुमारे ७९ कोटी आले. पाचव्या भागाच्या प्रदर्शनावेळी हॅरिसन फोर्ड ८० वर्षांचे होते. आरंभीच्या दीर्घ प्रसंगात १९४४ सालचा तरुण जोन्स दाखवण्यासाठी संगणकाच्या साहाय्याने त्यांचे वय उतरवले गेले. प्रदर्शनाची तारीख अनेकदा पुढे गेली, चित्रीकरणात फोर्ड यांच्या खांद्याला दुखापत झाली, मध्ये महासाथ येऊन गेली. खर्च तीस कोटींच्या घरात पोचला आणि जगभरचा गल्ला ३८.४ कोटींवर थांबला. फोर्ड यांच्या कामात काही कमी नव्हते. थकलेल्या, एकट्या पडलेल्या प्राध्यापकाचे प्रसंग त्यांनी फार मनापासून केले आहेत. पण ते प्रसंग दाखवायला तीस कोटी लागत नव्हते.

वय झालेल्या मालिका चालतच नाहीत, असे म्हणता येत नाही. १९८६ च्या ‘टॉप गन’चा उत्तरभाग ३६ वर्षांनी, २०२२ मध्ये आला. १७ कोटींच्या खर्चावर त्याने जगभरातून १४९ कोटी मिळवले. नायकाचे उतारवय हाच त्याचा विषय होता आणि मधल्या काळात एकही भाग न निघाल्याने लोकांची ओढ शिल्लक होती.

जपानच्या तोहो कंपनीने विश्रांतीचा हा मार्ग जवळजवळ पद्धत म्हणून पाळला. १९५४ मध्ये सुरू झालेली ‘गोजिरा’, म्हणजेच गॉडझिला मालिका १९७० च्या सुमारास जुन्या चित्रपटांतली दृश्ये पुन्हा पुन्हा वापरण्यापर्यंत घसरली. १९७५ च्या भागाला मालिकेतले तोवरचे सर्वांत कमी प्रेक्षक मिळाले, तेव्हा तोहोने ती नऊ वर्षे बंद ठेवली. १९८४ मध्ये नव्याने सुरू झाल्यावर १९९५ आणि २००४ मध्ये ती पुन्हा थांबवली गेली. ‘गॉडझिला मायनस वन’ २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरच्या आत तयार झाला. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनीच दृश्यपरिणामांची धुरा वाहिली आणि मार्च २०२४ मध्ये त्या कामासाठी त्यांच्या चमूला ऑस्कर मिळाले. त्याच पारितोषिकासाठी त्या वर्षी ज्यांना नामांकने होती, त्यांत वीस कोटींहून अधिक खर्चाचे हॉलिवूडचे उत्तरभाग होते.

हॉलिवूडमध्ये खर्च आवळण्याची भाषा त्याच सुमारास परत आली. मार्व्हल मालिकेतला ‘द मार्व्हल्स’ नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि वीस कोटींहून अधिक खर्चावर जगभरात जेमतेम तेवढाच गल्ला करू शकला. मे २०२४ मध्ये डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनी मार्व्हलचे चित्रपट यापुढे वर्षाला दोन, फार तर तीनच निघतील, असे जाहीर केले.